मत्स्यालयातील पाणवनस्पतींसाठी दिव्याची निवड

शोभिवंत माशांचे संगोपन हा शेतीस पूरक असा जोडधंदा महाराष्ट्रात ठिकठिकाणी रुजत आहे. मुंबई येथे १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडण्यात आले, त्या काळी काचेच्या टाकीतील रंगीत मासे ही बहुतेकांच्या दृष्टीने केवळ पाहावयास जाण्याची गोष्ट होती. आता तालुक्याच्या गावीही घरांत, दुकानांत व दवाखान्यांत अशा टाक्या दिसतात. या टाक्यांना मासे पुरविणारे तरुण व महिलांचे बचत गट यांच्याकडे माशांबरोबर जिवंत पाणवनस्पतींचीही मागणी होऊ लागली आहे.

जिवंत वनस्पतींनी टाकीस शोभा येते एवढाच त्यांचा उपयोग नाही. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात जो अमोनिया उत्पन्न होतो तो त्या शोषून घेतात, दिवसा पाण्यास प्राणवायू पुरवितात आणि लहान पिलांना आसरा देतात. असे असूनही पुष्कळ ठिकाणी टाकी मांडल्यापासून दोनतीन महिन्यांच्या आत वनस्पती कुजून जातात, अथवा शेवाळाने पूर्णपणे झाकल्या जातात. मग त्या उपटून प्लॅस्टिकची पाने लावली जातात व झालेला खर्च वाया जातो. दोष रोपांचा किंवा पाण्याचा समजला जातो. परंतु बहुधा तो दिव्याचा असतो. अपुरा दिवा जितका घातक असतो तितकाच वाजवीपेक्षा मोठा दिवाही घातक असतो. दिवा किती मोठा असावा, कोणत्या प्रकारचा असावा व तो किती तास लावावा, याचा विचार पुढे केला आहे.

प्रकाशाचे कार्य

शेतातील पिकाप्रमाणेच पाण्यातील वनस्पतीही आपले अन्न प्रकाशाच्या साहाय्याने तयार करतात. पानांतील हरितद्रव्य प्रकाश शोषून घेते आणि त्या शक्तीच्या योगाने कर्बाम्लवायू व पाणी यांपासून साखर तयार होते. या क्रियेत प्राणवायू बाहेर पडतो. यान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ साली पाण्यात बुडविलेल्या पानांवर प्रयोग करून असे दाखविले की, सूर्यप्रकाशात पानांतून वायूचे बुडबुडे निघतात व अंधारात ते बंद पडतात. चांगल्या वाढीला लागलेल्या टाकीत दुपारनंतर पानांच्या कडांवर मोत्यांसारखे जे बुडबुडे दिसतात ते याच प्राणवायूचे होत.

याच तत्त्वावर पुढे घरगुती मत्स्यालयाची कल्पना उभी राहिली. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली आपल्या प्रयोगाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याने एका भांड्यात सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती एकत्र ठेवली. कुजणारी पाने पाणी गढूळ करतात असे आढळल्यावर त्याने गोगलगायी सोडल्या आणि पाणी स्वच्छ राहिले. मासे, वनस्पती व त्यांना लागणारा प्रकाश यांचा मेळ बसला म्हणजे टाकी आपोआप सुस्थितीत राहते, ही गोष्ट त्या वेळेपासून सिद्ध झालेली आहे.

अंधार पडताच हे चित्र उलटते. रात्री वनस्पती प्राणवायू देत नाहीत. उलट माशांप्रमाणे त्याही तो घेतात. ज्या शेततळ्यात पाणी गर्द हिरवे झालेले असते तेथे पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात, हे मत्स्यपालन करणाऱ्यांना ठाऊक आहे. काचेच्या टाकीतही शेवाळाचा व वनस्पतींचा अतोनात भरणा झाला तर हाच प्रकार घडतो. म्हणून केवळ दिवसाची वाढ पाहून चालत नाही.

कमी असलेला घटक वाढ ठरवितो

पिकास नत्र भरपूर दिले, पण स्फुरद कमी पडले, तर जास्तीचे नत्र वाया जाते, हा नियम शेतकरी बंधूंच्या परिचयाचा आहे. ब्लॅकमन या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ साली प्रकाशाच्या बाबतीतही हाच नियम मांडला. प्रकाश, कर्बाम्लवायू व उष्णता यांपैकी जो घटक सर्वांत अपुरा असेल त्यावर वाढीचा वेग अवलंबून राहतो. इतर घटक कितीही वाढविले तरी त्यापुढे वाढ होत नाही.

पाण्यात हा अपुरा घटक बहुधा कर्बाम्लवायू असतो. हवेच्या मानाने पाण्यात तो सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे पानाजवळचा वायू संपला की नवीन वायू तेथे पोहोचण्यास विलंब लागतो. अशा स्थितीत दिवा दुप्पट केला तर वनस्पतीस त्या प्रकाशाचा उपयोग करता येत नाही. मात्र शेवाळास फार थोडे पुरते. पानांवर, काचेवर व वाळूवर ते भराभर पसरते आणि वनस्पतीच्याच पानावर सावली करून तिला उपाशी ठेवते. शेतात तण जसे पिकाच्या वाट्याचे खत खाते, तसे टाकीतील शेवाळ वनस्पतीच्या वाट्याचा प्रकाश खाते. सबब टाकीत प्रकाश किती पाडता येईल हे न पाहता वनस्पतीस किती प्रकाश वापरता येईल हे पाहावयाचे असते.

काही टाक्यांत वायूचे नळकांडे बसवून किंवा साखर व यीस्ट आंबवून पाण्यात कर्बाम्लवायू सोडतात. तसे केल्यास मोठा दिवा उपयोगी पडतो. परंतु या वायूचे प्रमाण दर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास माशांना अपाय होऊ लागतो, आणि त्यावर लक्ष ठेवावे लागते. नवशिक्याने पहिले वर्ष या वाटेस न जाणे हितावह आहे.

आधी वनस्पती, मग दिवा

दुकानात दिवा पसंत करून नंतर त्याखाली कोणती रोपे लावावी असा विचार करणे म्हणजे जमीन न पाहता बियाणे आणण्यासारखे आहे. प्रथम वनस्पती ठरवावी. प्रकाशाच्या गरजेनुसार त्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग मंद प्रकाशावर वाढणाऱ्या वनस्पतींचा. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस व क्रिप्टोकोरीन या त्यांत येतात. त्यांची वाढ सावकाश होते व कर्बाम्लवायू वेगळा द्यावा लागत नाही. अनुबियास व जावा फर्न यांचे आडवे खोड वाळूत पुरू नये, नाही तर ते कुजते. ते दगडास किंवा लाकडास दोऱ्याने बांधावे.

दुसरा वर्ग मध्यम प्रकाशाचा. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, हायग्रोफिला, ॲमेझॉन स्वोर्ड इत्यादी वनस्पती या वर्गातील आहेत. यांपैकी व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला यांना पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कर्ब घेता येतो. त्यामुळे विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यात, जेथे इतर नाजूक वनस्पती रखडतात, तेथेही त्या जोमाने वाढतात. आपल्याकडील पुष्कळ गावांत पाणी जड असल्याने नवीन टाकीसाठी व्हॅलिस्नेरिया ही विशेष भरवशाची वनस्पती आहे.

तिसरा वर्ग प्रखर प्रकाशाचा. लाल पानांच्या रोटाला व अल्टरनँथेरा, तसेच जमिनीवर गालिच्याप्रमाणे पसरणारी ग्लॉसोस्टिग्मा यांसारखी लहान पानांची झुडपे यांत येतात. परदेशी चित्रांत दिसणाऱ्या रंगीबेरंगी टाक्या याच वनस्पतींच्या असतात. त्यांना मोठा दिवा, कर्बाम्लवायूचा पुरवठा, खताची नियमित मात्रा व दर आठवड्यास छाटणी, हे सर्व एकत्र लागते. यांपैकी एक जरी कमी पडले तरी शेवाळ माजते.

एकाच टाकीत तीनही वर्गांची मिसळ करू नये. तशी वेळ आल्यास कमी प्रकाशाच्या वनस्पतीस मान देऊन दिवा लहान ठेवावा. कारण जास्त प्रकाशाची वनस्पती लहान दिव्याखाली नुसती रखडते, परंतु मोठ्या दिव्याखाली सावकाश वाढणाऱ्या अनुबियासच्या पानांवर काळे शेवाळ धरते व ते सहसा निघत नाही.

दिव्याचे मोजमाप

दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे छापलेले असतात. वॉट म्हणजे दिवा खातो ती वीज, व ल्यूमेन म्हणजे त्यापासून मिळणारा उजेड. वनस्पतीसाठी ल्यूमेनचा आकडा पाहावा. वास्तविक ल्यूमेन हे माप माणसाच्या डोळ्यास अनुसरून ठरविलेले आहे. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरते, व तो मोजण्याची वेगळी उपकरणे मिळतात. परंतु ती महाग असतात. पांढऱ्या दिव्याच्या बाबतीत घरगुती कामापुरता ल्यूमेनचा हिशेब पुरेसा होतो. तो पुढीलप्रमाणे करावा.

मंद प्रकाशाच्या वनस्पती : टाकीतील पाण्याच्या दर लिटरला १० ते २० ल्यूमेन.
मध्यम प्रकाशाच्या वनस्पती : दर लिटरला २० ते ४० ल्यूमेन.
प्रखर प्रकाशाच्या वनस्पती : दर लिटरला ४० ल्यूमेनपेक्षा अधिक, व सोबत कर्बाम्लवायूचा पुरवठा.

टाकीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा व त्यास १,००० ने भागावे, म्हणजे लिटर निघतात. उदाहरणार्थ, साधारण दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकी म्हणजे ६० × ३० × ३० सेंटिमीटर. तिचे पाणी ५४ लिटर भरते. मंद प्रकाशाच्या वनस्पतींसाठी लिटरला १५ ल्यूमेन धरल्यास ८१० ल्यूमेन लागतात. बाजारातील साधे एलईडी दिवे दर वॉटला सुमारे ९० ते ११० ल्यूमेन देतात. म्हणजे या टाकीस ८ ते ९ वॉटचा एक दिवा पुरतो. तीच टाकी मध्यम प्रकाशाच्या वनस्पतींची असेल तर लिटरला ३० ल्यूमेन धरून १,६२० ल्यूमेन, म्हणजे १५ ते १८ वॉटचा दिवा लागेल.

मोठ्या टाकीचा हिशेबही असाच करावा. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या टाकीत १८२ लिटर पाणी मावते. तीत मंद प्रकाशाच्या वनस्पती असल्यास सुमारे २७ वॉट, व मध्यम प्रकाशाच्या असल्यास सुमारे ५५ वॉट लागतील. ९ वॉटचा दिवा रोज ८ तास लावल्यास महिन्यास २ युनिटांहून किंचित अधिक वीज जळते, तर ५५ वॉटच्या दिव्यास १३ युनिटे लागतात. खरेदीपूर्वी हा फरक लक्षात घ्यावा.

वरील आकडे ढोबळ आहेत व ते ४५ सेंटिमीटरपर्यंत खोल असलेल्या टाकीस लागू पडतात. पाणी गढूळ असेल, वरची काच क्षारांनी पांढरी पडली असेल किंवा दिवा उंच टांगला असेल तर तळाशी पोहोचणारा प्रकाश घटतो. लहान, एका ठिकाणी एकवटलेला दिवा दुप्पट अंतरावर नेला तर त्याचा प्रकाश सुमारे चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून दिवा बदलण्यापूर्वी वरची काच पुसून पाहावी. लांब टाकीस एकच प्रखर गोळा न लावता टाकीच्या लांबीइतकी नळी लावणे चांगले. त्यामुळे कोपऱ्यांतील रोपेही सावलीत राहत नाहीत.

दिव्यांचे प्रकार

तारेचा जुना पिवळा बल्ब विजेचा बहुतांश भाग उष्णतेत घालवितो व पाणी तापवितो. मत्स्यालयास तो निरुपयोगी होय.

नळीचे फ्लुरोसंट दिवे अनेक वर्षे या कामी उत्तम ठरले. मात्र त्यांचा प्रकाश चोहोबाजूंनी पसरतो, त्यामुळे वरच्या बाजूस पांढरा किंवा चकचकीत पत्रा बसविल्याशिवाय बराचसा उजेड छताकडे जातो. शिवाय नळी जुनी होत गेली की डोळ्यास न कळत तिचा प्रकाश कमी होतो. फुटलेल्या नळीत पारा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

एलईडी दिवा आजमितीस सर्वांत सोयीचा आहे. १९९३ साली जपानमध्ये प्रखर निळा एलईडी तयार झाला व त्यामुळे पांढरा एलईडी दिवा शक्य झाला. या शोधाबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा दिवा वीज कमी खातो, प्रकाश खालच्या दिशेसच टाकतो व पाणी फारसे तापवीत नाही. मत्स्यालयासाठी म्हणून विकले जाणारे दिवे दिसावयास सुबक असतात. परंतु मंद व मध्यम प्रकाशाच्या वनस्पतींसाठी घरगुती एलईडी नळीनेही काम भागते. ती पाण्याच्या वाफेपासून सुरक्षित राहील अशा रीतीने मात्र बसविली पाहिजे.

प्रकाशाचा रंग, आणि प्रवाळांचे दिवे

खोक्यावर केल्व्हिन या मापात प्रकाशाचा रंग दिलेला असतो. २,७०० केल्व्हिनचा प्रकाश पिवळसर असतो, तर ६,५०० केल्व्हिनचा दिवसाच्या उजेडासारखा पांढरा असतो. ४,००० ते ६,५०० केल्व्हिनचा कोणताही पांढरा दिवा गोड्या पाण्यातील वनस्पतींना मानवतो. हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश विशेषेकरून शोषते हे खरे. म्हणून हरितगृहांसाठी जांभळट दिवे निघाले आहेत. परंतु पांढऱ्या प्रकाशात हे दोन्ही रंग असतातच, व जांभळ्या उजेडात माशांचे आणि पानांचे खरे रंग दिसत नाहीत. त्यासाठी अधिक पैसे देण्याचे कारण नाही.

बाजारात गर्द निळ्या प्रकाशाचे महागडे दिवेही दिसतात. ते समुद्राच्या पाण्यातील प्रवाळांसाठी बनविलेले असतात. प्रवाळ हे वनस्पती नसून प्राणी आहेत. मात्र प्रवाळभित्ती बांधणाऱ्या जातींच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाले वस्ती करून राहतात व त्यांनी प्रकाशात तयार केलेल्या अन्नावर त्या प्रवाळांचे पोषण मुख्यतः चालते. समुद्राच्या पाण्यात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो व निळा प्रकाश खोलवर जातो. म्हणून ही शैवाले निळ्या प्रकाशाचा उत्तम उपयोग करतात. अमेरिका, जर्मनी इत्यादी देशांत घरी प्रवाळ पाळणारे हौशी लोक याच कारणास्तव निळे दिवे वापरतात. तेथेही दिवा अपुरा पडल्यास प्रवाळ उपाशी मरतात, व एकाएकी प्रखर केल्यास शैवाले निघून जाऊन ते पांढरे पडतात. म्हणून नवा दिवा प्रथम मंद ठेवून काही आठवड्यांत क्रमाक्रमाने वाढवितात.

आपल्या देशात ही गोष्ट घरगुती हौसेची नाही. प्रवाळभित्ती बांधणारे सर्व प्रवाळ २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट करण्यात आले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. तेथून किंवा अन्य किनाऱ्यावरून ते तोडून आणणे, बाळगणे व विकणे हा गुन्हा आहे. कोणी विक्रेता जिवंत प्रवाळ देऊ करीत असेल तर ते घेऊ नयेत. आणि गोड्या पाण्याच्या टाकीसाठी प्रवाळांचा निळा दिवाही घेऊ नये. त्याखाली व्हॅलिस्नेरिया जगणार नाही असे नाही. परंतु दुपटी-तिपटीने पैसे मोजून जे मिळते ते साध्या पांढऱ्या नळीतही मिळते.

दिवा किती तास लावावा

नवीन टाकीत पहिले तीन ते चार आठवडे दिवा रोज ६ तासच लावावा. या काळात रोपांची मुळे धरलेली नसतात, त्यामुळे पाण्यातील अन्नद्रव्ये व प्रकाश या दोहोंचा लाभ शेवाळास मिळतो. रोपांना नवीन पाने फुटू लागली की दर आठवड्यास अर्धा तास वाढवून ८ तासांपर्यंत जावे. १० तासांपेक्षा अधिक वेळ दिवा लावण्याचे सहसा प्रयोजन नसते. दुबळ्या दिव्याची उणीव तास वाढवून भरून निघत नाही. प्रकाश विशिष्ट मर्यादेखाली असेल तर वनस्पती जेवढे अन्न तयार करते तेवढे श्वसनात खर्च होऊन जाते.

वेळ रोज एकच असावी. आठवणीवर विसंबून न राहता टायमर बसवावा. संध्याकाळी घरची मंडळी टाकी पाहत बसतात, म्हणून दुपारी २ ते रात्री १० ही वेळ सोयीची पडते. दिवा लागण्यापूर्वी खोलीत थोडा उजेड असावा. काळोखात एकदम प्रखर दिवा लागल्यास मासे दचकून काचेवर आपटतात. रात्रभर दिवा चालू ठेवण्याची चाल मात्र टाळावी. माशांनाही विश्रांतीसाठी अंधार लागतो.

खिडकीचा सूर्यप्रकाश

सूर्यप्रकाश फुकट मिळतो, तेव्हा टाकी खिडकीत का ठेवू नये, असा प्रश्न विचारला जातो. भर दुपारचे ऊन सुमारे १,००,००० लक्स भरते, तर खोलीच्या आतील उजेड काही शे लक्सच असतो. एवढ्या प्रखर उन्हात लहान टाकीचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत धोक्याच्या मर्यादेपर्यंत तापते व काही दिवसांत हिरवेगार होते. दिव्यावर टायमर बसविता येतो, उन्हावर येत नाही. म्हणून पश्चिमेच्या व दक्षिणेच्या खिडकीपासून टाकी दूर ठेवावी. उत्तरेच्या खिडकीचा उजेड चालतो. तो मिळत असल्यास दिव्याचे तास तेवढे कमी करावेत.

विक्रीसाठी रोपे वाढविणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. तेथे मोठ्या हौदांत, शेडनेटच्या सावलीत सूर्यप्रकाशाचा उपयोग करणेच किफायतशीर ठरते. क्रिप्टोकोरीन, अनुबियास व ॲमेझॉन स्वोर्ड यांसारखी रोपे पाने पाण्याबाहेर ठेवून, दमट हवेत वाढविता येतात. पण अशी रोपे टाकीत बुडविल्यावर त्यांची जुनी पाने गळतात व पाण्यात जगणारी नवी पाने फुटतात. क्रिप्टोकोरीनची पाने तर प्रकाशात किंवा पाण्यात एकाएकी बदल झाला तरी विरघळून जातात. मुळे न उपटल्यास ती पुन्हा फुटते. ही गोष्ट विक्रेत्याने गिऱ्हाइकास आधीच सांगावी, म्हणजे गिऱ्हाईक रोप मेले असे समजून फेकून देणार नाही व विक्रेत्यावरील विश्वासही टिकेल.

लक्षणांवरून दोष ओळखणे

प्रकाश कमी पडत असल्यास दाट पेरलेल्या ज्वारीच्या ताटांप्रमाणे रोपे उंच व किरकोळ होतात, पेरांतील अंतर वाढते, खालची पाने पिवळी पडून गळतात व लाल पानांच्या जाती हिरवट दिसू लागतात. प्रकाश जास्त होत असल्यास काच दोनतीन दिवसांत हिरवी होते, पानांच्या कडांवर केसाळ शेवाळ धरते व पाणी हिरवे पडते.

शेवाळ दिसताच औषध टाकू नये. तांब्याची औषधे माशांना व गोगलगायींना अपायकारक असतात. प्रथम दिव्याचे तास दोनने कमी करावेत, आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावे, खाद्य कमी करावे व हाताने निघेल तेवढे शेवाळ काढावे. एका वेळी एकच बदल करून दोन आठवडे वाट पाहावी. दिवा, खत व पाणी हे सारे एकदम बदलल्यास गुण कशाने आला हे समजत नाही.

नवी पाने फिकट पडत असतील तर बहुधा लोहाची, व जुन्या पानांस भोके पडत असतील तर पालाशाची उणीव असते. तो दोष दिव्याने सुधारत नाही. यासाठी शेतातील युरिया किंवा मिश्र खत चिमूटभरही टाकीत घालू नये. त्यापासून अमोनिया उत्पन्न होऊन मासे मरतात. नत्र व स्फुरद माशांच्या विष्ठेतून मिळतच असते.

विजेची सुरक्षितता

पाणी व वीज जवळजवळ असल्याने दक्षता घेतलीच पाहिजे. टाकीची सर्व उपकरणे अर्थिंग असलेल्या जोडणीवर असावीत व गळतीचा प्रवाह तोडणारे स्वयंचलित बटण घरात बसविलेले असावे. दिव्याची तार बटणापर्यंत नेताना मध्ये खाली झोळ ठेवावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी बटणात न जाता खाली टपकेल. पाण्यात हात घालण्यापूर्वी दिवा, पंप व हीटर यांची बटणे बंद करावीत. मुलांना ही सवय प्रथमपासून लावावी.

वीज गेल्यास दिव्याची चिंता करू नये. काही तास, किंबहुना एखाददुसरा दिवस अंधार पडला तरी वनस्पतींचे नुकसान होत नाही. परंतु त्या अंधारात मासे व वनस्पती दोन्ही प्राणवायू घेत राहतात. घरी इन्व्हर्टर असल्यास त्यावर दिवा न जोडता हवेचा पंप जोडावा.

वाढलेल्या रोपांची विल्हेवाट

दिवा योग्य असला की काही महिन्यांत छाटणीची वेळ येते. छाटलेली रोपे नाल्यात, विहिरीत अथवा तलावात कदापि टाकू नयेत. शोभेची वनस्पती म्हणून आणलेल्या जलपर्णीने नद्या व तलावांची काय अवस्था केली आहे हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. छाटलेला पाला उन्हात पूर्ण वाळवून कंपोस्ट खड्ड्यात टाकावा. त्याचे खत होते.

सारांश, वनस्पती ठरवावी, टाकीचे लिटर काढावेत, त्यावरून ल्यूमेनचा हिशेब करावा व मग दुकानात जावे. प्रथम सहा तास दिवा लावून पानांकडे लक्ष ठेवावे. दोन फुटांच्या टाकीत व्हॅलिस्नेरियाच्या पाच-सात रोपांनी व योग्य बेताच्या एका एलईडी नळीने सुरुवात केल्यास खर्च थोडा येतो, आणि वर्षभरात त्याच रोपांना फुटलेल्या धावत्या फांद्यांपासून दुसरी टाकी लावण्याइतकी रोपे घरची घरीच मिळतात.